पिल्लाचं औषध खाद्याच्या पोत्यात नको

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्याकडे आईचं काहीही नसतं. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातले प्रतिपिंड वारेतूनच मिळतात. डुकरिणीची वार ते पलीकडे जाऊ देत नाही. पिल्लाला जे मिळायचं ते चिकातून आणि पुढं दुधातून. आईनं एखाद्या रोगाचं तोंडच पाहिलेलं नसेल, तर तिच्या चिकातही त्या रोगावर काही नसतं. अशा गोठ्यात आतड्याचा कोरोना शिरला, तर आठवड्याच्या आतल्या पिल्लांपैकी शंभरातली ऐंशी, कधी शंभरच्या शंभर मरतात. त्यांना पाजायला नेमकं औषध आजही नाही.

हा आजार म्हणजे पोर्साइन एपिडेमिक डायरिया. गोठ्यात त्याला नुसतं पीईडी म्हणतात. तो पहिल्यांदा दिसला 1971 साली इंग्लंडमध्ये, आणि त्यामागचा विषाणू 1978 मध्ये बेल्जियममध्ये सापडला. बरीच वर्षं तो युरोप-आशियात कमी-जास्त होत राहिला. 2010च्या अखेरीस चीनमध्ये त्याचं फार जहाल रूप उफाळलं आणि 2013च्या वसंतात ते अमेरिकेत पोचलं. तिथं पहिल्या वर्षभरात सुमारे 70 लाख पिल्लं गेली असा अंदाज आहे. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि नंतर आयोवात डुकरांची डॉक्टर म्हणून काम केलं. त्यातली काही पिल्लं माझ्या हातात गेली.

2014च्या जानेवारीतलं सांगते. फॅरोइंग रूममध्ये, म्हणजे जिथं डुकरिणी वितात त्या खोलीत, दोन्ही बाजूंना लोखंडी पिंजऱ्यांच्या रांगा असतात. प्रत्येक पिंजऱ्यात एक आई आणि बाजूला लाल दिव्याच्या उबेत दहा-बारा पिल्लं. आदल्या रात्री एका कोपऱ्यातल्या दोन-तीन पिल्लांनी ओकारी काढली होती. दह्याच्या गुठळ्यांसारखं न पचलेलं दूध. सकाळी त्या रांगेतलं एकही पिल्लू कोरडं नव्हतं. पाण्यासारखी पिवळी हगवण, शेपटीखालची कातडी लाल, अंग थंड. पिल्लं दिवा सोडून आईच्या पाठीवर चढत होती, कारण दिव्याची ऊब त्यांना पुरत नव्हती. काही पिंजऱ्याच्या गजावर साचलेलं पाणी चाटत होती. आम्ही त्यातली मेलेली काही फाडून पाहिली. जठर दुधानं गच्च भरलेलं आणि आतड्याची भिंत इतकी पातळ की खाली धरलेलं बोट आरपार दिसावं. पोटभर दूध पिऊन पिल्लू तहानेनं आणि भुकेनं मेलं होतं.

असं का होतं ते समजलं की औषधाचा मुद्दाही समजतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक लव असते, आणि त्या लवेवरच्या पेशी दूध शोषून घेतात. विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. तीन आठवड्यांच्या पिल्लाचं आतडं ही झड दोन-तीन दिवसांत भरून काढतं, म्हणून ते आजारी पडूनही बहुधा वाचतं. नुकत्याच जन्मलेल्याला त्यासाठी पाच ते सात दिवस लागतात, आणि अंगातलं पाणी त्याच्या आत संपतं. म्हणजे लढाई फक्त तीन-चार दिवसांची आहे. एवढा काळ विषाणूचा जोर कुणी कमी करून दिला, तर उरलेलं काम पिल्लाचं शरीर स्वतःच करू शकतं.

तेव्हा आमच्या हातात काय होतं? क्षार घातलेलं पाणी, जादा दिवे, स्वच्छता. आणि एक उपाय, जो सांगताना आजही जड जातं. मेलेल्या पिल्लांची आतडी मिक्सरमध्ये वाटून गाभण डुकरिणींना खाऊ घालायची. हेतू हा की त्यांना मुद्दाम संसर्ग व्हावा आणि विण्याच्या आत त्यांच्या दुधात प्रतिपिंड उतरावेत. व्यवसायात याला ‘फीडबॅक’ म्हणतात. उपाय ओंगळ आहे, त्यातून दुसरे रोग पसरायचा धोकाही आहे, पण तो लागू पडतो. मात्र लागू पडायला तीन-चार आठवडे जातात. त्या काळात जी पिल्लं जन्मतात, ती मरायलाच जन्मतात. त्या खोलीत काम करणारी मेक्सिकन बाई रोज सकाळी बादली घेऊन रांगेच्या एका टोकाला उभी राही आणि हात घालण्याआधी प्रत्येक पिंजऱ्यात वाकून पाही, एखादं हलतंय का म्हणून. मालकही हताश होता. विषाणूवर चालत नाही हे ठाऊक असूनही अँटिबायोटिकची बाटली फोडली जात होती, हातावर हात ठेवून बसवत नाही म्हणून.

म्हणूनच प्रतिजैविक पेप्टाइडांवरचं संशोधन वाचताना माझं मन त्या तीन-चार आठवड्यांशी जाऊन थांबतं.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, अमिनो आम्लांची आखूड माळ. बहुतेक प्राण्यांची आणि वनस्पतींची शरीरं जंतूंना मारायला असे तुकडे तयार करतात. स्वीडनमधल्या हान्स बोमन यांच्या गटाला 1981 मध्ये सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या कोषात ‘सेक्रोपिन’ सापडलं. अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रिया करून गढूळ पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत. त्यातून 1987 मध्ये बेडकाच्या कातडीतलं ‘मॅगेनिन’ हाती लागलं. डुकरानंही या शास्त्राला बरंच दिलं आहे. त्याच्या आतड्यातून 1991 मध्ये 39 अमिनो आम्लांचं पीआर-39 मिळालं, पुढं त्याच्या पांढऱ्या पेशींतून प्रोटेग्रिन मिळाली. 1989 मध्ये डुकराच्याच आतड्यातून ‘सेक्रोपिन पी-वन’ निघालं आणि सस्तन प्राण्यातही पतंगासारखं पेप्टाइड असतं म्हणून सगळे हरखले. 2003 मध्ये कळलं की ते डुकराचं नव्हतंच, त्याच्या आतड्यात राहणाऱ्या गोल जंताचं होतं! आतड्यातल्या बॅक्टेरियांच्या गर्दीत तगून राहायला त्या जंतानं स्वतःचं हत्यार बाळगलं होतं. विज्ञानातल्या अशा गोष्टी मला मनापासून आवडतात.

बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो. बॅक्टेरियाचं आवरण ऋणभारित असतं, म्हणून पेप्टाइड त्याला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. विषाणूचं काय? कोरोना कुळातल्या विषाणूंना चरबीचं पांघरूण असतं आणि ते त्यांनी ज्या पेशीत वाढले तिच्याच आतल्या पडद्यांतून पळवलेलं असतं. विषाणू स्वतःचे काटे बदलतो, म्हणून लस वरचेवर बदलावी लागते. पण पांघरुणातली चरबी त्याच्या जनुकांत लिहिलेली नाही, ती तो सहजी बदलू शकत नाही. पेप्टाइड या चरबीवरच घाला घालत असेल, तर विषाणूला पळवाट शोधणं अवघड जातं. या कल्पनेत जीव आहे तो इथं.

2018 मध्ये चिनी संशोधकांनी ‘सर्फॅक्टिन’वरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्फॅक्टिन बॅसिलस सबटिलिस हा मातीतला साधा बॅक्टेरिया बनवतो. पेप्टाइडाच्या कड्याला चरबीची शेपटी जोडलेली असते. ते विषाणूच्या पांघरुणात घुसून बसतं, आणि मग विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळूच शकत नाही, म्हणजे विषाणूला आत शिरता येत नाही. पीईडी आणि त्याचा जुना भाऊबंद टीजीई, या दोन्ही विषाणूंवर हे दिसलं. महत्त्वाचं म्हणजे हा प्रयोग काचेच्या बशीत थांबला नाही. पिल्लांना तोंडावाटे दिल्यावर पीईडीपासून त्यांचं संरक्षण झालं. या क्षेत्रातले बहुतेक शोधनिबंध माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर संपतात. त्या बशीत जठराचं आम्ल नसतं, पचनरस नसतात, दुधाचा लोंढा नसतो, आणि पेप्टाइड हे शेवटी प्रथिनच असल्यामुळे पोटात ते पचूनही जातं. म्हणून पिल्लांवर केलेला एक प्रयोग मला बशीतल्या वीस प्रयोगांपेक्षा मोलाचा वाटतो. सर्फॅक्टिनचंही सगळंच गोड नाही. मात्रा वाढली की ते रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतं. औषध आणि विष यांच्यातलं अंतर अजून नीट मोजायचं आहे.

इथवर मी या संशोधनाच्या बाजूची आहे. माझा विरोध सुरू होतो तो ही पेप्टाइडं कोणत्या वाटेनं गोठ्यात येऊ पाहताहेत, तिथं.

युरोपीय संघानं वजन वाढवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं 1 जानेवारी 2006 पासून बंद केलं. अमेरिकेत 2017 मध्ये आणि चीनमध्ये 2020 मध्ये तसाच पायबंद आला. दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण थांबवायला खाद्यात भरपूर झिंक ऑक्साइड घालायचे, तेही युरोपात जून 2022 पासून बंद झालं. ही सगळी पावलं योग्य होती. पण त्यामुळे खाद्याच्या पोत्यात एक जागा रिकामी झाली आणि ती भरायला पेप्टाइडांची नावं पुढं आली. शोधनिबंध उघडून पाहा. कितीतरी प्रयोगांत निरोगी पिल्लांना आठवडेच्या आठवडे पेप्टाइड मिसळलेलं खाद्य दिलेलं असतं, आणि यश मोजलेलं असतं ते रोज किती ग्रॅम वजन वाढलं यात. मरणाऱ्या पिल्लाचं औषध असं हळूच जाड होणाऱ्या पिल्लाचा खुराक होतं.

यात काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांना मी एकच नाव सांगते: कोलिस्टिन. तेही पेप्टाइडच आहे. तेही मातीतल्या बॅक्टेरियाकडूनच मिळालं, त्यालाही कड्याला जोडलेली चरबीची शेपटी आहे, तेही बॅक्टेरियाच्या आवरणावरच घाव घालतं. माणसांच्या मूत्रपिंडांना सोसवेना म्हणून दवाखान्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि ‘आता माणसांना लागत नाही’ म्हणून अनेक देशांत ते पोत्यांनी जनावरांच्या खाद्यात गेलं. मग दवाखान्यांत असे बॅक्टेरिया आले की ज्यांच्यावर दुसरं काही चालेना, आणि डॉक्टरांना कोलिस्टिनकडे परतावं लागलं. तोवर उशीर झाला होता. नोव्हेंबर 2015 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एमसीआर-वन हे जनुक जगापुढं ठेवलं. ते त्यांना डुकराच्या ई. कोलायमध्ये सापडलं होतं. कोलिस्टिनला दाद न देण्याचं कसब एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे देता येईल अशा सुट्या डीएनए-कड्यावर ते बसलेलं होतं.

माझा दादा काही वर्षांपूर्वी पुण्यात आयसीयूत होता. न्यूमोनिया, व्हेंटिलेटर, आणि कशालाच दाद न देणारा जंतू. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “आता कोलिस्टिन सुरू करतोय. किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. याच्यापुढं आमच्याकडे फारसं काही नाही.” वहिनीला ते नाव नवीन होतं. मी ते शिकत असताना पोल्ट्रीच्या शेडमध्ये दारामागं ठेवलेल्या डब्यावर वाचलं होतं. कोंबड्यांना काही झालेलं नसतानाही तो डबा तिथं रोज उघडत होता. दादा बरा होऊन घरी आला, कारण त्याच्या फुप्फुसातला जंतू ते कसब शिकलेला नव्हता. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या बाबतीत तसं झालं नाही.

पेप्टाइडांचे समर्थक सांगतात की बॅक्टेरिया यांना सरावू शकत नाहीत, कारण आवरण बदलणं त्यांना परवडत नाही. मॅगेनिन शोधणारे झॅसलॉफही असंच मानत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे उत्क्रांतिशास्त्रज्ञ ग्रॅहम बेल यांना ते पटेना. दोघांनी मिळून प्रयोगच केला. मॅगेनिनवर बेतलेल्या औषधाची मात्रा हळूहळू चढवत बॅक्टेरियाचे 24 वंश सहाएकशे पिढ्या वाढवले. त्यातले 22 वंश सरावले. 2006 मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यावर झॅसलॉफ यांचंही नाव होतं. स्वतःच्या मताविरुद्ध गेलेल्या निकालाखाली सही करणाऱ्या शास्त्रज्ञाबद्दल मला अतिशय आदर आहे.

पुढचा धक्का 2023 मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं दिला. एमसीआर-वन बाळगणारा ई. कोलाय फक्त कोलिस्टिनलाच दाद देत नाही असं नाही. कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांच्या शरीरांनी स्वतःसाठी बनवलेल्या पेप्टाइडांनाही तो जास्त तग धरतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे खाद्यातल्या औषधानं बॅक्टेरियाला जे शिकवलं, त्याचा उपयोग त्याला आपल्या रक्ताविरुद्ध होतो. नेहमीचं अँटिबायोटिक निकामी झालं तर आपण एक बाटली गमावतो. इथं पणाला लागते ती जन्मतःच अंगात असलेली ढाल.

‘पण आम्ही तर विषाणूवर देतोय’ असा बचाव होईल. पिल्लाच्या आतड्यात विषाणू एकटा नसतो. तिथं अब्जावधी बॅक्टेरिया असतात, आणि तेच पेप्टाइड त्यांच्याही आवरणाला लागतं. औषध कुणासाठी पाजलं हे त्यांना ठाऊक नसतं. चार दिवस दिलं तर त्यांना फार संधी मिळत नाही. चार महिने पोत्यातून दिलं, तर बेल आणि झॅसलॉफ यांचा प्रयोग आपण प्रत्येक गोठ्यात लावला असं होईल.

मला ही पेप्टाइडं हवी आहेत. पण ती बाटलीतून यावीत, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर यावीत, आणि नमुना तपासून पीईडी किंवा त्याच्या कुळातला विषाणू ठरल्यावरच यावीत. ही तपासणी ऐच्छिक ठेवून चालणार नाही. पिल्लांची हगवण रोटाव्हायरसनंही होते, आणि त्याला चरबीचं पांघरूणच नसतं. तिथं चरबीवर बेतलेलं पेप्टाइड पाजणं म्हणजे बॅक्टेरियाला फुकट शिकवणी. औषधाला वयाची मर्यादा हवी, दिवसांची मर्यादा हवी, आणि आईच्या दुधात प्रतिपिंड उतरले की ते बंद व्हायला हवं. माणसाच्या अंगातल्या पेप्टाइडांशी ज्यांचं फार साम्य आहे, त्यांना जनावरांसाठी परवानाच देऊ नये.

कायद्यानं काही होत नाही, असं आपल्याकडे चटकन म्हटलं जातं. चीननं 2017 मध्ये कोलिस्टिन खाद्यातून काढलं. 2015-16 मध्ये तिथल्या डुकरांतले 34 टक्के ई. कोलाय कोलिस्टिनला दाद देत नव्हते. 2017-18 मध्ये ते प्रमाण 5.1 टक्क्यांवर आलं. भारतानंही जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यशेतीत कोलिस्टिनला बंदी केली. ती योग्य होती, फक्त चिनी शोधानंतर जवळजवळ चार वर्षांनी आली. पेप्टाइडांच्या बाबतीत आपल्याला आधी नियम करायची संधी आहे, कारण पोतं अजून भरायचं आहे.

आपल्याकडे डुक्कर हा चर्चेचा विषय नसतो. वडार आणि कैकाडी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या डुकरं पाळली आणि त्यासाठी अवहेलना सोसली. गोव्यात परसातलं डुक्कर घरच्या अर्थकारणाचा भाग होतं, आणि तिथल्या आगोंदच्या डुकराची आता देशी जात म्हणून नोंद आहे. 2019च्या पशुगणनेत देशात सुमारे 90 लाख डुकरं होती, त्यातली 21 लाख एकट्या आसामात. तिथं 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरनं घरंच्या घरं रिकामी केली. आयोवातल्या मालकाला विमा होता, बँक होती. परसात एक डुकरीण बाळगणाऱ्या बाईची आठ पिल्लं गेली, तर तिच्या मुलीची वर्षाची फी गेली. तिला पोतं नकोच आहे. तिला हवी आहे ड्रॉपरनं तोंडात सोडता येईल अशी एक स्वस्त बाटली, घरात पिल्लं आजारी पडतील त्या आठवड्यासाठी. मोठ्या कंपन्यांना या बाटलीत फारसा फायदा दिसणार नाही, कारण ती वर्षातून क्वचितच लागेल. म्हणून हे काम सरकारी पैशानं व्हायला हवं.

गुवाहाटीजवळ राणी इथं भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे. पेप्टाइडाची पहिली मोठी भारतीय चाचणी तिथं व्हावी आणि ती आजारी पिल्लांवर व्हावी, निरोगी पिल्लांच्या वजनावर नको. दहाव्या दिवशी किती पिल्लं जिवंत होती, हा तिचा पहिला निकाल असावा. औषध थांबल्यानंतर त्याच पिल्लांच्या विष्ठेतला ई. कोलाय कोलिस्टिनला आणि माणसाच्या शरीरातल्या पेप्टाइडांना पूर्वीइतकाच दबतो का, हा दुसरा. दोन्ही निकाल एकाच अहवालात छापावेत, आणि दुसरा वाईट आला तर पहिला कितीही चांगला असला तरी परवाना अडवावा.